इटलीत कामी आलेल्या थोरल्या आजोबांची कबर कशी शोधायची आणि तिथे जाऊन काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांचे थोरले भाऊ मराठा पलटणीत होते, १९४४ मध्ये इटलीत कामी आले, घरात एक मेडल आणि तेव्हा आलेली तार एवढंच शिल्लक आहे. येत्या मे महिन्यात घरचे सगळे इटलीला फिरायला चाललेत, तर त्यांची कबर कशी शोधायची, तिथे पूजा चालते का, अस्थी किंवा निदान कबरीजवळची माती आणता येईल का. ताई, मी बरीच वर्षं सातारा, रत्नागिरी, रायगडकडच्या घरांना हेच शोधून द्यायचं काम करतोय, काही कुटुंबांबरोबर जाऊनही आलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. लांबलंय, पण तिकिटं काढायच्या आधी पूर्ण वाचा कारण बरंचसं काम इथे घरी बसूनच करायचं आहे.

पहिलं म्हणजे मनाची तयारी ठेवा, कबर बहुतेक नसेल. आपल्या हिंदू जवानाच्या बाबतीत दगडावर कोरलेलं नाव सापडण्याची शक्यता जास्त असते. बऱ्याच जणांना पलटणीतल्या सोबत्यांनी तिथेच अग्नी दिला, मग कबर कुठून असणार. ज्यांना अग्नी दिल्याची नोंद आहे त्यांच्यासाठी इटलीत तीन वेगळी क्रिमेशन मेमोरियल बांधलीत, सांग्रो रिव्हर, फोर्ली आणि रिमिनी. सांग्रोला पाचशेच्या वर नावं आहेत, फोर्लीला जवळजवळ आठशे. आणि ज्यांचा देह सापडलाच नाही किंवा शेवटी त्यांचं काय झालं याचा पत्ता लागला नाही त्यांची नावं कसिनो मेमोरियलवर, तिथे ब्रिटिश, कॅनेडियन, आपले असे सगळे मिळून चार हजारांच्या वर आहेत. काही हिंदू जवान पुरलेलेही आहेत, लढाईच्या धामधुमीत प्रत्येकाला अग्नी देणं शक्य नव्हतं, त्यांना बाकीच्यांसारखाच स्वतंत्र दगड आहे आणि वरच्या बाजूला देवनागरीत ॐ भगवते नमः कोरलेलं असतं. पहिल्यांदा बघितलं की परक्या देशात ती चार अक्षरं बघून माणूस जागीच थांबतो.

कबर नाही म्हटल्यावर घरच्यांना फार लागतं, हे मी नेहमी बघतो. "म्हणजे त्यांचं काहीच उरलं नाही का" असं विचारतात. अशा वेळी मी नाईक यशवंत घाडगे यांचं सांगतो. माणगाव तालुक्यातले, ३/५ मराठा, म्हणजे ५ व्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण, १० जुलै १९४४ ला टायबरच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकीचे सगळे मेले नाहीतर जखमी झाले आणि हा माणूस एकटा मशीनगनच्या मोर्चावर धावून गेला, मोर्चा घेतला, आणि मग शत्रूच्या स्नायपरची गोळी लागून पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावात पुतळा आहे, २०२३ च्या जुलैमध्ये इटलीत पेरुजियाजवळच्या मोंतोने गावात त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं, आणि तरी त्यांची कबर कुठेही नाही, कसिनो मेमोरियलवर नाव आहे. आपल्या माणसासाठी ते नाव म्हणजेच जागा. तिथेच उभं राहायचं, तिथेच डोकं टेकायचं, त्यात काही कमी आहे असं अजिबात मानू नका.

आता शोधायचं कसं. ही सगळी ठिकाणं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन सांभाळतं. १९१७ साली इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणून सुरू झालं, १९६० मध्ये नाव बदललं, भारत त्याचा सदस्य आहे आणि खर्चाचा आपला वाटा आपलं सरकार देतं, त्यामुळे तिथे पाहुण्यासारखं वागायचं कारण नाही, तो आपलाही हक्क आहे. दोन्ही महायुद्धांतले मिळून १७ लाख लोकांची नावं त्यांच्या वेबसाईटवर फुकट शोधता येतात, कुणाला पैसे द्यायची गरज नाही. पण आपली नावं शोधणं हेच खरं कठीण काम आहे आणि बरीच घरं इथेच हार मानतात.

कारण नाव लिहून घेणारा कारकून ऐकेल तसं लिहायचा. शिंदेचं सिंधे, जाधवचं जादो किंवा जाधाओ, घाडगेचं गाडगे नाहीतर घाटगे, यशवंतचं येशवंत, आणि मराठा हा शब्दच पलटणीच्या नावात तेव्हा इंग्रजीत महराट्टा असा लिहायचे. म्हणून आजच्या स्पेलिंगने शोधलं आणि "सापडलं नाही" आलं तर ते खरं धरू नका, पाच-सहा वेगवेगळ्या स्पेलिंगने बघा. दुसरं, आपल्या जवानांचं अख्खं नाव बऱ्याचदा आडनावाच्याच रकान्यात घातलेलं असतं, म्हणजे आडनावाच्या जागी रामचंद्र शिंदे असं सगळं एकत्र, त्यामुळे आडनावाच्या खिडकीत पहिलं नाव टाकूनही बघायचं. कधी आडनावच नसतं, नुसतं नाव आणि वडिलांचं नाव. अशा वेळी नावाने शोधायचं सोडून द्या आणि उलटीकडून या, म्हणजे रेजिमेंट, देश, युद्ध आणि मृत्यूचं साल एवढंच टाका, जी यादी येईल ती सरळ वरून खालपर्यंत वाचत जा. वेळ लागतो पण सापडतं. मला स्वतःला हीच पद्धत सगळ्यात भरवशाची वाटते.

सापडलेल्या नोंदीत शेवटी जादा माहितीची एक ओळ असते, अमक्याचा मुलगा, अमक्या गावचा, बायकोचं नाव असलं तर तेही. सगळ्यांच्या नोंदीत ती नसते, पण असेल तर ती सोन्यासारखी, कारण एका पलटणीत एकाच नावाचे चार-चार जण असायचे आणि आपला कोणता हे फक्त गावावरून कळतं. पण गाव-जिल्हा शोधताना जुनी नावं धरा. रायगड तेव्हा कुलाबा होतं, १९८१ ला नाव बदललं. सिंधुदुर्ग हा जिल्हाच नव्हता, ते रत्नागिरीत किंवा सावंतवाडी संस्थानात. सांगलीकडचा बराच भाग सातारा जिल्ह्यात, नाहीतर सांगली, मिरज, औंध, जत अशा संस्थानांत. ठाणे म्हणजे ठाणा. कोल्हापूरकडचा असेल तर जिल्हा न लिहिता कोल्हापूर स्टेट असं असतं. हे माहीत नसल्यामुळे "हा आमचा नाही, आमचं गाव रायगडात आहे" असं म्हणून बरोबर असलेली नोंद लोक सोडून देतात.

मेडल नीट बघा. नुसतं पुढून नाही, कडेवर आणि मागच्या बाजूला. पहिल्या महायुद्धाच्या गोल मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश जवानांची मेडल कोरी दिली पण भारतीय जवानांना दिलेल्यांवर नावं घातलेली होती, म्हणून इटली स्टारसारखं चांदणीच्या आकाराचं मेडल असेल तर मागे बघा. तो सर्व्हिस नंबर मिळाला की निम्मं काम झालं कारण नावाचं स्पेलिंग दहा तऱ्हेने बदललं तरी नंबर सहसा तोच राहतो. आणि एक विनंती, ब्रासोने घासून चमकवू नका. अक्षरं आधीच पुसट असतात, घासून घासून पार जातात. मऊ फडक्याने पुसा, तिरपा उजेड टाकून मोबाईलवर फोटो काढा आणि मोठा करून वाचा. काही घरांत तळहाताएवढी काशाची गोल थाळी असते, त्यावर बाईचं चित्र, सिंह आणि जवानाचं नाव, हुद्दा मात्र नाही. ते पूजेचं ताम्हण किंवा बक्षीस समजून लोक माळ्यावर टाकतात. ती पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी देण्यासाठी काढलेली स्मृतिथाळी आहे, भंगारात किंवा जुन्या वस्तूवाल्याला देऊ नका.

तारेवर तारीख असेल पण ती तार पोचल्याची की मृत्यूची हे नीट बघा, आणि मृत्यूची असेल तर तिच्यावरून जागेचा अंदाज येतो. १/५ मराठा ही ८ व्या इंडियन डिव्हिजनमध्ये होती, १९४३ च्या नोव्हेंबरमध्ये ती डिव्हिजन सांग्रो नदीवर लढली, त्या हिवाळ्यात गेलेल्यांची नावं बहुधा सांग्रोला मिळतात. १९४४ च्या शरद ऋतूपासून १९४५ च्या एप्रिलपर्यंत लढाई वर उत्तरेला सरकली, सेनिओ नदीपर्यंत, तिथेच ९ एप्रिल १९४५ ला १/५ च्या नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि ते जिवंत परतले. त्या काळात गेलेल्यांसाठी आधी फोर्ली बघायचं. ३/५ मराठा १० व्या डिव्हिजनमध्ये. तुमचं १९४४ आहे म्हणजे महिना फार महत्त्वाचा, महिना कळल्याशिवाय हॉटेल बुक करू नका, कारण सांग्रो एड्रियाटिकच्या बाजूला, कसिनो रोमच्या खाली आणि फोर्ली पार बोलोन्याकडे, तिन्ही ठिकाणं एका दिवसात होत नाहीत. इटलीत आपले सुमारे ५० हजार जवान लढले आणि ५,७८२ मेले, आणि ते देशभर जवळजवळ ४० सिमेट्रींमध्ये विखुरलेले आहेत.

नोंद सापडली की तिथे एक रेफरन्स असतो. कबर असेल तर रोमन आकडा, मग अक्षर, मग साधा आकडा, म्हणजे प्लॉट, ओळ आणि कबर नंबर. मेमोरियल असेल तर पॅनल किंवा कॉलम नंबर. तो कागदावर लिहून घ्या, मोबाईलच्या भरवशावर राहू नका. नोंदीचं सर्टिफिकेट वेबसाईटवरून प्रिंट होतं, ते दोन काढा, एक तिथे न्यायला आणि एक घरी फ्रेम करायला. कसिनोला रोमहून ट्रेन आहे आणि सिमेट्री गावाजवळच आहे, वर डोंगरावर मोंते कसिनोचा मठ दिसतो. फोर्ली बोलोन्या-रिमिनी रेल्वेवर. सांग्रोला मात्र गाडी भाड्याने घ्या, सार्वजनिक वाहनाने फार त्रास होतो, वयस्कर माणसं बरोबर असतील तर तर नक्कीच.

घरच्या लोकांनी नुसतं जाऊन फुलं वाहायला परवानगी लागत नाही. पंधरा-वीस जणांनी, झेंडा-बँड घेऊन कार्यक्रम करायचा असेल तर कमिशनला आधी लिहून कळवायचं. रोमच्या आपल्या दूतावासात डिफेन्स विंग आहे, त्यांनाही एक मेल टाकून ठेवा, कोणी येईल असं गृहीत धरू नका पण अशा भेटींची त्यांच्याकडे नोंद राहिली तर पुढच्या कुटुंबांना उपयोग होतो असं मला वाटतं.

तिथे गेल्यावर गेटजवळ भिंतीत एक छोटं पितळी दार असतं, आत रजिस्टर आणि भेटीची वही. वहीत मराठीत लिहा. नाव, गाव, नातं आणि तारीख. लोक संकोचतात, मोडक्यातोडक्या इंग्रजीत काहीतरी लिहितात. काही गरज नाही. मी ज्या ज्या ठिकाणी गेलो तिथे इंग्रजी, इटालियन, पंजाबी दिसलं, मराठी फार क्वचित, आणि आपली माणसं तर पॅनलच्या पॅनल भरून आहेत, त्याचं फार वाईट वाटतं.

पूजेचं विचारलंत. हळद, कुंकू, गुलाल, तेल, तूप यातलं काहीही दगडाला लावू नका. भक्तीत कमी-जास्त असा हा प्रश्नच नाही, दगडाचा प्रश्न आहे. हे दगड बऱ्याचदा चुनखडीच्या जातीचे असतात, पाणी पितात तसा रंग आणि तेलही पितात, हळदीचा डाग तर निघतच नाही, मग कामगारांना घासावं लागतं आणि घासलं की अक्षरं झिजतात. म्हणजे आपण प्रेमाने लावलेलं कुंकू आपल्याच माणसाचं नाव पुसतं. नारळ दगडावर फोडू नका, अख्खा ठेवून परत उचलून घ्या. उदबत्ती-निरांजन भिंतीला लागून नको. अक्षरं दिसत नाहीत म्हणून खडू किंवा पावडर चोळायची पद्धत काही लोक सांगतात, तेही करू नका, सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात गेलात की नाव आपोआप स्पष्ट दिसतं. मेमोरियलवर नाव उंचावर असू शकतं, झूम असलेला कॅमेरा न्या.

मग करायचं काय? फुलं वाहा, ती तिथेच विकत घ्या, इथून हार नेला तर युरोपात उतरल्यावर विमानतळावरच अडकतो, त्यांचे झाडाफुलांबाबतचे नियम कडक आहेत. पाण्याने हात धुवून नाव जिथे आहे तिथे हात टेकवा. घरातलं सगळ्यात लहान मूल असेल त्याच्याकडून नाव मोठ्याने वाचून घ्या, पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका. मग त्यांच्या वरची आणि खालची दोन-चार नावंही वाचा. ती बहुतेक त्याच पलटणीतली असतात, एकत्र जेवलेली, एकाच खंदकात झोपलेली, आणि त्यांच्या घरून कदाचित आजवर कोणीही आलेलं नसेल. मी हे प्रत्येक कुटुंबाला सांगतो आणि अजून एकानेही नको म्हटलेलं नाही. त्या नावांचे फोटो काढून आणा, गावांची नावं नोंदीत असतील तर त्या त्या ग्रामपंचायतीला पाठवा. मेडल घालून जायचं असेल तर छातीच्या उजव्या बाजूला लावा, स्वतःची मेडल डावीकडे आणि गेलेल्या नातेवाइकाची उजवीकडे अशी रीत आहे. घरात कोणी माजी सैनिक असेल तर त्याने सॅल्यूट करावा, बाकीच्यांनी नमस्कार, सॅल्यूटची नक्कल नको.

अस्थी आणता येणार नाहीत. पहिल्या महायुद्धापासूनच नियम आहे की कोणाचाही देह मायदेशी न्यायचा नाही, श्रीमंताचा नाही आणि गरिबाचा नाही, जिथे पडला तिथेच सगळे एकत्र. ब्रिटनमधल्या बड्या घरांनी तेव्हा खूप आरडाओरडा केला, तरी कमिशन बधलं नाही. आणि तुमच्या आजोबांना अग्नी दिला असेल तर तिथे उचलण्यासारखं काही ठेवलेलंही नसतं. मातीचंही तेच. गावची माती इथून तिकडे न्यायची आणि तिकडची इकडे आणायची अशी पुष्कळांची इच्छा असते, पण बाहेरून माती आणायला युरोपात बंदी आहे आणि भारतातही परवान्याशिवाय आणता येत नाही. शिवाय सिमेट्रीत उकरायचं म्हणजे कोणाच्या तरी देहावरची माती उकरायची. त्यापेक्षा सर्टिफिकेट आणि नावाचा फोटो देवघरात ठेवा.

श्राद्धाचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत पण घरी गेल्यावर आजी विचारतीलच. बऱ्याच घरांत तिथी माहीत नाही म्हणून कधी काही केलंच नाही, आणि काही घरांत तर "कदाचित येईल" म्हणून वर्षानुवर्षं मेलेला धरलाच नव्हता, बायको कुंकू लावून वाट बघत गेली. आता नोंदीत मृत्यूची तारीख मिळेल, पंचांगावरून तिथी काढता येते. आणि पितृपक्षातली चतुर्दशी, घातचतुर्दशी म्हणतो ना आपण, ती शस्त्राने गेलेल्यांसाठीच ठेवलेली आहे. त्या दिवशी घरी करा, मनासारखं, सगळे विधी करून. दगडाजवळ जे करता येत नाही ते इथे करता येतं. तर्पणासाठी सांग्रोच्या पात्रापर्यंत जाऊन आलेली कुटुंबंही आहेत, तसं वाटलं तर जा, पण सिमेट्रीच्या आवारात नको.

आता ज्यांचा माणूस पहिल्या महायुद्धात गेला त्यांच्यासाठी थोडं, कारण असा प्रश्न त्याहून जास्त येतो आणि तिथलं उत्तर मन दुखावणारं आहे. मराठा पलटणी तेव्हा मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही ६ व्या पूना डिव्हिजनबरोबर तिथल्या कुत शहराच्या वेढ्यात अडकल्या, ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, शेवटी उपासमारीने शरणागती आणि मग तुर्कांच्या कैदेत वाळवंटातून पायी चालत हाल हाल होऊन कितीतरी गेले. ज्यांना कबर नाही अशांसाठी बसरा मेमोरियल बांधलं, ४० हजारांच्या वर लोकांसाठी. तिथे ब्रिटिश शिपायाचं नाव कोरलं, आपल्या सुभेदार-जमादारांचंही कोरलं, पण साध्या भारतीय शिपायाचं नाही. पलटणीचं नाव आणि खाली "आणि इतके इतर भारतीय सैनिक" असा नुसता आकडा. ज्या कमिशनचं तत्त्वच होतं की हुद्दा, वंश, धर्म न बघता प्रत्येकाला नावाने मान द्यायचा, त्याच कमिशनने हे केलं. फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलला, जिथे युरोपातले लोक येऊन बघणार होते, तिथे मात्र १९२७ ला सुंदर स्मारक उभारलं आणि ४,७०० च्या वर भारतीयांची नावं एकेक करून कोरली. त्यात खडकीच्या सॅपर्सची, म्हणजे लष्करी इंजिनिअर जवानांची नावंही आहेत, २८ ऑक्टोबर १९१४ च्या हल्ल्यात त्यांच्या दोन कंपन्या जवळजवळ कापल्या गेल्या होत्या. म्हणजे नावं माहीत नव्हती असं नाही.

एप्रिल २०२१ मध्ये कमिशनच्याच समितीने हे मान्य केलं. किमान १ लाख १६ हजार आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोक, मुख्यतः आफ्रिका आणि मध्यपूर्वेत गेलेले, नावाने नोंदलेच गेले नाहीत किंवा कशातच आले नाहीत, असं अहवालात आहे. ब्रिटिश सरकारने पार्लमेंटमध्ये माफी मागितली. बसराच्या दगडावर नाव नसलं तरी वेबसाईटवर शोधलं तर आपल्या शिपायांची नावं मिळतात, म्हणून निराश होऊन सोडू नका. प्रत्यक्ष जायचं म्हटलं तर अवघड आहे, ते मेमोरियल १९९७ मध्ये मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं, इराकमधल्याच अमाराच्या सिमेट्रीत तर जमिनीतल्या क्षारांनी दगड खराब होतात म्हणून १९३३ मध्येच सगळे हेडस्टोन काढून टाकले. परराष्ट्र मंत्रालयाची सूचना बघितल्याशिवाय आणि कमिशनला विचारल्याशिवाय इराकचं तिकीट काढू नका. ज्यांना कुठेतरी जाऊन नतमस्तक व्हायचंच आहे त्यांना मी न्यूव्ह शापेल किंवा इंग्लंडमधलं ब्रायटनजवळचं छत्री स्मारक सांगतो. तिथे ५३ हिंदू-शीख जखमी जवानांना टेकडीवर अग्नी दिला होता, १९२१ ला छत्री बांधली, आणि त्यांची नावं कोरलेला दगड बसवायला २०१० साल उजाडलं. उशीर झाला तरी काम होतं याचं हे उदाहरण मी मुद्दाम देतो.

कारण तुमच्या माणसाचं नाव कुठेच नसेल तर ते घालून घेता येतं. नियम असा की पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात, सेवेत असताना किंवा त्या सेवेमुळे मृत्यू झालेला पाहिजे आणि त्याचा कागद पाहिजे. घरातली आठवण पुरावा म्हणून चालत नाही. पेन्शनचा कागद, डिस्चार्ज किंवा सर्व्हिस शीट, मृत्यूचं पत्र, असं काहीतरी. मराठा असतील तर बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला, महार रेजिमेंटचे असतील तर मध्य प्रदेशातल्या सागरला लेखी विचारा, नंबर आणि साल देऊन, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पत्र जोडा, त्याने फरक पडतो. १११ महार पलटण १९१७ ला उभी राहिली आणि काही वर्षांतच मोडली, तिच्या माणसांचा माग काढणं जास्त चिवट काम आहे पण अशक्य नाही. आणि फक्त बंदूकवाले धरू नका, खेचरवाले, भिस्ती, स्वयंपाकी, लेबर कोअरचे लोक, सगळे त्यात येतात. कोकणातल्या घरांनी तर जहाजावरच्या खलाशांचं नक्की बघावं. मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांच्या वर खलाशांचं स्मारक आहे, रत्नागिरीहून एका रात्रीत जाऊन येण्यासारखं, आणि त्यांच्या पणतवंडांना त्याचा पत्ताही नसतो.

स्पेलिंग चुकलेलं असेल तर तेही पुराव्यासकट कळवा, वेबसाईटवर दुरुस्त होतं, दगडावर व्हायला वेळ लागतो.

शेवटचं काम गावात आहे. खूप गावांत चावडीवर, जुन्या शाळेच्या भिंतीवर "या गावातून इतके लोक १९१४-१९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांतले इतके कामी आले" अशी संगमरवरी पाटी असते. साताऱ्याकडच्या अपशिंगेसारख्या गावांनी ती नीट जपलीय, बाकी बऱ्याच ठिकाणी तिच्यावर चुना मारलाय. तिच्यावरही नुसता आकडाच असतो. त्या आकड्याखाली नावं यायला पाहिजेत, आणि आता वेबसाईटवर गावाच्या नावाने शोधलं तर त्यांतली बरीचशी एका सुट्टीत मिळू शकतात. पुणेकरांनी पोरांना घेऊन खडकीच्या वॉर सिमेट्रीतही जावं, दुसऱ्या महायुद्धातले १,६०० च्या वर जवान तिथे आहेत, त्यांच्या घरच्यांना पुण्याला येणं तुम्हाला इटलीला जाण्याइतकंच लांब आहे.

तुमच्यासाठी आत्ताचं म्हणाल तर या आठवड्यात मेडलची मागची बाजू आणि कड वाचा, तारेवरची तारीख नीट उतरवून घ्या, मग ३/५, १/५ की आणखी कोणती पलटण हे ठरेल आणि त्यावरून कसिनो, सांग्रो की फोर्ली ते. बेळगावला पत्र टाकायचं असेल तर आजच टाका, उत्तर यायला महिने जातात आणि मे लांब नाही.